वेग आणि धातूची सूक्ष्मरचना : मिश्रधातूंच्या वेगवान विरूपणाचा परिचय

पाठ्यपुस्तकात पोलादाच्या मजबुतीचा आकडा छापलेला असतो. विद्यार्थी तो पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि पाण्याची घनता किंवा सोन्याचा वितळणबिंदू जसा त्या पदार्थाचा ठरलेला गुणधर्म, तसाच हाही एक ठरलेला गुणधर्म आहे अशी समजूत करून घेऊन पुढच्या वर्गात जातात. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. हा आकडा ज्या यंत्रावर मिळतो ते यंत्र धातूची कांडी अतिशय सावकाश ताणते. त्याच पोलादाची गाडी भिंतीवर आदळते, त्याच पोलादाचा पत्रा पंचाखाली सापडतो किंवा लेथवरील हत्याराच्या टोकाशी तोच धातू कापला जातो, तेव्हा पुस्तकातला आकडा लागू पडेलच असे नाही. वेग बदलला की धातूच्या आतली हालचाल बदलते, आणि ती हालचाल आपला ठसा मागे ठेवून जाते. हा ठसा कसा उमटतो आणि तो वाचताना शास्त्रज्ञांमध्ये आजही कोठे मतभेद आहेत, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम वेग म्हणजे काय ते स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे वेग म्हणजे दर सेकंदाला होणारी विकृती. नेहमीच्या ताणपरीक्षेत दहा सेंटिमीटरची कांडी सेकंदाला साधारण ०.१ मिलिमीटर लांबते, म्हणजे विकृतीचा दर सेकंदाला एक हजारांश असतो. या दराने कांडी वीस टक्के लांबवण्यास २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक काळ लागतो. हाच दर सेकंदाला एक हजार इतका केला तर तेवढीच लांबण ०.२ मिलिसेकंदात, म्हणजे २०० मायक्रोसेकंदांत उरकते. पापणी एकदा लवण्यास जो वेळ लागतो त्यात हा प्रयोग पाचशेहून अधिक वेळा करता येईल. लेथ किंवा मिलिंगच्या कामात हत्याराच्या टोकाशी हा दर याहूनही वर जातो, आणि स्फोट किंवा अतिवेगवान टकरीत तो सेकंदाला दहा लाखांच्या घरात पोहोचतो. सर्वांत मंद आणि सर्वांत वेगवान यांच्यात अब्जावधी पटींचे अंतर आहे, आणि धातू मात्र तोच.

धातूच्या आत काय चालते

धातू बाहेरून एकसंध दिसला तरी तो बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. साध्या पोलादात हे कण बहुधा दहा ते पन्नास मायक्रॉन आकाराचे असतात. प्रत्येक कणात अणू ओळीने रचलेले असतात, पण या ओळी निर्दोष नसतात. कोठे तरी एखादी ओळ अर्ध्यातच संपते. अशा रेषेसारख्या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तो अणूंचा सगळा थर एकदम घसरल्यामुळे नव्हे, तर हा दोष एकेक पाऊल सरकत गेल्यामुळे. मोठा गालिचा एका टोकाला धरून ओढणे जड जाते, पण त्यात एक वळी पाडून ती पुढे ढकलली की गालिचा सहज सरकतो, तसाच हा प्रकार आहे. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली.

डिसलोकेशन सरकतात, एकमेकांत गुंततात, नवीन निर्माण होतात. गुंता वाढला की पुढची हालचाल कठीण होते आणि धातू कडक होतो. तांबट भांडे मठारतो तेव्हा तांबे कडक होत जाते आणि मध्येच तापवून ते पुन्हा मऊ करावे लागते, त्यामागे हेच कारण आहे. तापवल्यावर गुंता सुटतो, जुन्या मोडक्या कणांच्या जागी नवे स्वच्छ कण वाढतात. कडक होणे आणि मऊ होणे या दोन्ही क्रिया तांबटाच्या कामात वेगवेगळ्या वेळी होतात. अतिवेगवान विरूपणात मात्र दोन्ही एकाच क्षणी चालू असतात, आणि त्यामुळेच हा विषय गुंतागुंतीचा आहे. येथे एका शब्दाची आठवण होते. जुन्या मराठीत ओतीव मिश्रधातूला भरत म्हणत आणि उर्दूत मिश्रधातूसाठी आजही तोच शब्द आहे. दोन्ही भाषांच्या वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला तो उपयोगी पडावा.

वेग वाढल्यावर पहिला बदल होतो तो असा. वाटेतला अडथळा ओलांडताना डिसलोकेशनला बाहेरच्या बलाखेरीज आणखी एक मदत मिळत असते, ती अणूंच्या उष्णताजन्य कंपनांची. सावकाश विरूपणात अनुकूल कंपनाची वाट पाहण्यास वेळ असतो. वेगवान विरूपणात तो नसतो, म्हणून अधिक बल लावावे लागते. माइल्ड स्टीलचा सुरुवातीचा प्रतिकार अशा वेगात दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. ॲल्युमिनियमच्या बहुतेक मिश्रधातूंत हा फरक त्या मानाने किरकोळ असतो. मोटारीच्या सांगाड्याचे पोलाद निवडताना टकरीच्या वेगातला आकडा वेगळा मोजावा लागतो तो या कारणाने. सेकंदाला दहा हजारांच्या पुढे दर गेला की आणखी एक अडचण उभी राहते. डिसलोकेशन इतक्या जलद धावू लागतात की स्फटिकातली कंपनेच त्यांना मागे ओढतात, जणू मधात बुडवलेली काठी फिरवावी.

बल असे चढत गेले की धातू दुसरी वाट शोधतो. ही वाट जुळ्या स्फटिकांची. कणाचा एक पातळ पट्टा एकदम कलतो आणि उरलेल्या भागाचे आरशातले प्रतिबिंब बनतो. घसरण्यासाठी लागणारे बल वेगाबरोबर वाढते, जुळे बनण्यासाठी लागणारे बल फारसे वाढत नाही. म्हणून एका मर्यादेनंतर जुळे बनणेच स्वस्त पडते. तांब्यात सामान्य तापमानाला सावकाश विरूपणात जुळे क्वचितच दिसतात, पण सुमारे २० गिगापास्कल, म्हणजे दोन लाख वातावरणांच्या आघात-तरंगानंतर त्याच तांब्याचे कण जुळ्या पट्ट्यांनी भरून जातात. याचा सर्वांत जुना पुरावा प्रयोगशाळेतला नाही. १८४७ मध्ये बोहेमियातील ब्राउनाउ येथे एक लोहउल्का पडली. तिच्या घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर न्यूमन यांनी १८४८ मध्ये बारीक सरळ रेषा पाहिल्या. त्या रेषा म्हणजे लोखंडातील जुळे स्फटिकच होत, अंतराळात झालेल्या टकरींनी कोरलेले. पुढे १९५६ मध्ये असेही आढळले की १३ गिगापास्कलच्या पुढे लोखंडाची स्फटिकरचनाच बदलते आणि दाब ओसरताच पूर्ववत होते. जाण्या-येण्याच्या या प्रवासाच्या खुणा मात्र कणांत राहून जातात.

ट्रेस्का यांना दिसलेली चौफुली

वेगाचा दुसरा परिणाम उष्णतेचा आहे आणि त्याचा इतिहास मोठा रोचक आहे. आंतरराष्ट्रीय मीटरच्या प्रमाणपट्टीसाठी प्लॅटिनम आणि इरिडियम यांचा मिश्रधातू निवडण्यात आला होता, दहा भागांत नऊ भाग प्लॅटिनम. १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये आंरी ट्रेस्का यांच्या देखरेखीखाली अशा मिश्रधातूचा दांडा वाफेच्या घणाखाली घडवला जात होता. दांडा लाल दिसण्याच्या किंचित खाली इतका थंड झाला असताना घाव बसला, तेव्हा त्याच्या बाजूवर तिरप्या प्रकाशरेषा चमकून गेल्या. दोन रेषा एकमेकींना छेदून इंग्रजी एक्स अक्षरासारखी चौफुली दिसत होती. दांडा सगळीकडे सारखा तापला असता तर असे दिसले नसते. घावाची शक्ती ठरावीक तिरप्या रेषांवरच खर्च होत होती आणि तेथेच धातू लाल होण्याइतका तापत होता. ट्रेस्का यांनी नंतर इतर धातूंच्या दांड्यांच्या बाजूंना मेण लावले आणि घाव घातल्यावर ते कोठे वितळते ते पाहिले. ही निरीक्षणे त्यांनी १८७८ मध्ये इंग्लंडमधील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. पुढे १९२१ मध्ये मॅसी यांनीही घडाईच्या कामात असेच वर्णन केले. तरीही कित्येक दशके या चौफुलीकडे कुतूहलाची गोष्ट म्हणूनच पाहिले गेले. योगायोग असा की मीटरपट्टीचा एक्स आकाराचा छेदही ट्रेस्का यांनीच सुचवलेला.

दरम्यान टेलर यांनी फॅरन यांच्याबरोबर १९२५ मध्ये आणि क्विनी यांच्याबरोबर १९३४ मध्ये मोजमाप करून दाखवले की धातू वाकवण्यात खर्च झालेल्या कार्यापैकी बहुतांश, ढोबळमानाने नव्वद टक्के, उष्णता बनून बाहेर पडते. उरलेला लहान भाग डिसलोकेशनच्या गुंत्यात साठून राहतो. आता हिशेब करता येतो. नव्वद टक्के कार्याची उष्णता झाली, ती बाहेर गेली नाही आणि विकृती शंभर टक्के झाली असे धरू. एक हजार मेगापास्कल प्रतिकार करणारे पोलाद सुमारे २४० अंशांनी तापेल. तीनशे मेगापास्कलचे तांबे ८० अंशांच्या आसपास तापेल. बाराशे मेगापास्कलचा टायटॅनियम मिश्रधातू मात्र ४४० अंशांपर्यंत जाईल, कारण त्याची मजबुती जास्त आणि दर घनसेंटिमीटरची उष्णताधारकता कमी.

पण उष्णता बाहेर जात नाही असे का धरावे? सावकाश प्रयोगात ती जातेच. विमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या, सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियम मिश्रधातूत उष्णता एका सेकंदात दीड-पावणेदोन मिलिमीटर पसरते. दहा मायक्रोसेकंदांत ती जेमतेम पाच मायक्रॉन पसरते. केसाची जाडी याच्या दहापट तरी असते. तांब्यात हेच अंतर तीस-पस्तीस मायक्रॉन भरते. वेगवान विरूपणात जेथे उष्णता निर्माण झाली तेथेच ती अडकून राहते. हिंदीत अशा प्रक्रियेला रुद्धोष्म म्हणतात. उष्मा रोखला गेला हा अर्थ त्या शब्दातच असल्याने वर्गात समजावून देण्यास तो सोयीचा आहे.

पांढरा पट्टा

१९४४ मध्ये झेनर आणि हॉलोमन यांनी या धाग्यांना एकत्र गुंफले. पंचाने वेगाने ठोकलेल्या पोलादी पत्र्याचा छेद घेऊन त्यांनी तो आम्लाने उजळवला, तेव्हा सुमारे तीस मायक्रॉन रुंदीचा एक पांढरा पट्टा दिसला. आजूबाजूचे पोलाद आम्लाने काळवंडले होते, पट्टा कोराच राहिला होता. त्यांचे स्पष्टीकरण असे. विरूपण वाढते तसा धातू कडक होतो, पण उष्णतेने मऊही होतो. एखाद्या अरुंद जागी मऊपणा कडकपणावर मात करतो. मग पुढचे सगळे विरूपण तेथेच घडते, जागा आणखी तापते, आणखी मऊ होते. शेजारचा धातू जवळजवळ स्थिर राहतो आणि पट्ट्यात विकृती अनेक पटींनी साचते. याला कर्तनपट्टा म्हणतात. त्याच पट्ट्यातून पुढे चीर जाते आणि एरवी सावकाश वाकवल्यास चिवट वाटणारा धातू फारसा न वाकता सुटा होतो.

पोलादातील पट्टा पांढरा का, यावर पुष्कळ चर्चा झाली. प्रारंभी असे मानले गेले की पट्टा लाल होण्यापलीकडे तापतो आणि भोवतालचा थंड धातू क्षणात त्याची उष्णता शोषून घेतो, म्हणजे लोहाराने हत्याराला पाणी द्यावे तसे येथे पाण्यावाचूनच पाणी दिले जाते. काही पोलादांत हे खरेही आहे. परंतु इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर अनेक धातूंच्या पट्ट्यांत वेगळेच चित्र दिसले. टायटॅनियम, तांबे, स्टेनलेस स्टील अशा ज्या धातूंना पाणी देऊन कडक करण्याचा प्रश्नच नाही, त्यांच्याही पट्ट्यांत एक-दोन दशांश मायक्रॉनचे, जवळजवळ गोलसर नवे कण आढळले. मूळ कणांच्या तुलनेत हे शंभरपटीने लहान.

येथे एक कोडे उभे राहते. तांबटाच्या भट्टीत नवे कण वाढण्यास मिनिटे लागतात. पट्टा तयार होतो काही दहा मायक्रोसेकंदांत आणि त्यानंतर झपाट्याने थंडही होतो. एवढ्या वेळात कणांच्या सीमा सरकून नवे कण वाढणे शक्य नाही, असे हिशेब सांगतो. नेस्तेरेन्को, मेयर्स आणि इतर संशोधकांनी म्हणून दुसरी प्रक्रिया सुचवली. डिसलोकेशन प्रथम लांबट कप्प्यांच्या भिंती बनवतात. विकृती वाढली की हे कप्पे आडवे तुटून लहान तुकडे होतात, आणि तुकडे जागच्या जागी फिरतात. तीसेक अंश फिरले की शेजाऱ्याशी त्यांचा मेळ उरत नाही आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र कण ठरतो. सीमेला दूर सरकावे लागत नाही, तिने फक्त किंचित सरळ व्हायचे असते. त्यासाठी मायक्रोसेकंद पुरतात.

मग आधी काय, उष्णता की सूक्ष्मरचनेतील बदल? झेनर-हॉलोमन यांच्या मांडणीत उष्णता कारण आणि बारीक कण हा तिचा परिणाम. पाठ्यपुस्तकांनीही दीर्घकाळ हेच सांगितले. डॅनियल रिटेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याला आव्हान दिले. त्यांनी टायटॅनियम मिश्रधातूवरील वेगवान प्रयोग नमुना तुटण्याच्या बराच आधी थांबवून आत पाहिले, तेव्हा अतिसूक्ष्म नवे कण अगोदरच हजर होते, आणि तोवर तापमान फारसे वाढलेले नव्हते. नवे कण गुंत्यापासून मुक्त, म्हणून मऊ. अशा मऊ बेटांची साखळी जोडली गेली की पट्टा सुरू होतो, असे त्यांचे म्हणणे. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी शुद्ध टायटॅनियमवर वेगवान अवरक्त मापन करून दाखवले की तापमानाची मोठी उडी पट्टा सुरू झाल्यावर येते, आधी नव्हे. यावरून जुनी उपपत्ती सर्वच धातूंसाठी बाद झाली असे म्हणणे घाईचे होईल. पोलादाचा आणि टायटॅनियमचा स्वभाव एक नाही. पण उष्णतेने पट्टा होतो हे वाक्य फळ्यावर निर्विवाद सत्य म्हणून लिहिणे आता योग्य नाही, एवढे निश्चित.

प्रयोग कसा करतात

जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ मध्ये लोखंडी तारेवर वजने पाडून पाहिले की तार तुटणे हे वजनापेक्षा पडण्याच्या वेगावर अधिक अवलंबून आहे. त्यांचे पुत्र बर्ट्रम यांनी १९१४ मध्ये लांब पोलादी दांड्यातून जाणाऱ्या तरंगावरून आघात मोजण्याची युक्ती काढली, आणि १९४९ मध्ये कोल्स्की यांनी दांड्याचे दोन भाग करून मध्ये नमुना ठेवला. एका दांड्यावर छोटा दांडा आदळवायचा. तरंग नमुन्यापर्यंत येतो, काही परततो, काही पलीकडे जातो. दांड्यांवर चिकटवलेल्या मापकांवरून नमुन्यावरील बल आणि त्याची विकृती दोन्ही कळतात. नमुन्याभोवती कठीण पोलादाचे कडे बसवले की विरूपण ठरलेल्या मर्यादेला थांबते. रिटेल यांच्यासारखे अर्ध्यातले निरीक्षण अशा उपायांनी शक्य होते.

हा विषय कारखान्यापासून दूर नाही. हैदराबादेत १९६३ पासून संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे आणि १९७३ मध्ये तेथेच स्थापन झालेला मिश्र धातु निगम टायटॅनियमचे मिश्रधातू बनवतो. बेळगाव जिल्ह्यात हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग कापून घडवले जातात. टायटॅनियम लेथवर घेतला की निघणारा छिलका, कामगारांच्या भाषेत चिप, करवतीच्या दातांसारखी निघते. प्रत्येक दातामागे एक कर्तनपट्टा असतो. धातू दबतो, पट्ट्यावर एकदम घसरतो, पुन्हा दबतो. या धक्क्यांनी हत्यार थरथरते, आणि उष्णता धातूतून निघून जाऊ शकत नसल्याने हत्याराच्या टोकाशी साचते. म्हणूनच ॲल्युमिनियम जितक्या गतीने कापता येते त्याच्या लहानशा अंशाने टायटॅनियम कापावे लागते. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याने अशी एक चिप भिंगाखाली पाहिली तर वरील सगळे वर्णन त्याला दातादातावर दिसेल.

वर्गात सेकंदाला हजार पटींचा वेग आणता येत नाही, पण उष्णता सूक्ष्मरचनेला कशी अडवते हे दाखवता येते. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक ओढत नाही. ते सामान्य तापमानाला वाकवले, ठोकले की त्यातील काही भाग मार्टेन्साइट नावाच्या चुंबकीय रचनेत बदलतो. प्रयोगशाळांत असे आढळले आहे की वेगवान विरूपणात आरंभी हा बदल थोडा अधिक होतो, पण विकृती वाढली की आतील उष्णता त्याला रोखते आणि अखेरीस मंद विरूपणापेक्षा कमी मार्टेन्साइट मिळते. वेगाऐवजी केवळ तापमान बदलून हाच मुद्दा तपासता येतो. आधी चुंबक अजिबात न ओढणाऱ्या पत्र्याच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्यात. एक बर्फाच्या पाण्यात आणि दुसरी उकळत्या पाण्यात बुडवून, दोन पकडींनी तितक्याच वेळा मागेपुढे वाकवावी. उकळत्या पाण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. मग धाग्याला लटकवलेला छोटा निओडिमियम चुंबक दोन्ही घड्यांजवळ आळीपाळीने न्यावा आणि तो कोणत्या घडीकडे अधिक वळतो ते विद्यार्थ्यांना पाहू द्यावे.